तिसरी सही

एका कडेने सुटलेला. नाण्याएवढा, काळा, कागदी ठिपका – तिने तो अंगठ्याने दाबून धरला, मनात दहापर्यंत आकडे म्हटले, अंगठा काढला; ठिपका शहाण्यासारखा भिंतीला चिकटून राहिला आणि तिची पाठ वळायच्या आत कड पुन्हा हळूच वर आली. गेले दोन महिने हे असंच चाललं होतं. कॅमेऱ्याच्या मागच्या भिंतीवर, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला तो ठिपका होता, आणि खुर्चीवर येऊन बसणाऱ्या प्रत्येकाला तिने सांगायचं असे – माझ्याकडे नको, तिकडे बघा. म्हणजे आजचा फोटो आणि दोन महिन्यांनंतरचा फोटो शेजारी शेजारी ठेवले की नजर दोन्हीकडे सारखी, आणि बदललं असेल ते फक्त चेहऱ्यात. साधी गोष्ट. तिला पहिल्याच दिवशी पटली होती. आज मात्र हातांना काहीतरी चाळा हवा म्हणून ती ठिपक्याच्या मागे लागली होती, कारण यादीत अकराच्या समोर काकूंचं नाव होतं.

काकू म्हणजे तिच्या कोणी नव्हेत. पंचावन्नच्या आसपासच्या एक बाई. एके दिवशी सकाळी उठून आरशात बघतात तर चेहऱ्याची डावी बाजू झोपेतच राहिलेली – डोळा मिटेना, ओठाची कड खाली आलेली, चूळ भरली की पाणी हनुवटीवरून. बरं होतं हे, बहुतेकांचं होतं, पण किती होतंय ते कळावं म्हणून सुरुवातीला एकदा आणि दोन महिन्यांनी एकदा फोटो काढून ठेवतात. नऊ. स्वस्थ. भुवया उचलून. डोळे हलके मिटून. डोळे घट्ट मिटून. नाक आक्रसून. ओठ मिटून हसत. दात दाखवून हसत. गाल फुगवून. ओठांचा चंबू करून. नऊ म्हणजे नऊ. दहावा काढायला कोणी सांगितलं नव्हतं. दहावा मी काढला.

इस्पितळाच्या तळमजल्यावर फोटोची ही एकच खोली. फोटोग्राफी शिकवणाऱ्या तिच्या संस्थेतल्या दुसऱ्या वर्षाच्या प्रत्येकाने दोन महिने कुठेतरी बाहेर काम शिकायचं असतं. कोणी वर्तमानपत्रात गेलं, कोणी कपड्यांच्या जाहिरातींत, आणि तिने जागांच्या यादीवर नाव घालायला नेहमीप्रमाणे उशीर केला म्हणून तिच्या वाट्याला हे आलं. वर्गातले विचारायचे, ‘काय गं, आज कोणाचं गळू टिपलंस?’ तीही हसायची. पण खोटं कशाला बोला, तिला इथे आवडत होतं. इथले सर – सगळं इस्पितळ त्यांना दोरीसर म्हणतं, कारण कॅमेऱ्याच्या तिपाईला त्यांनी एक दोरी बांधून ठेवली आहे आणि तिच्या टोकाची गाठ रुग्णाच्या नाकाला टेकली की अंतर बरोबर – हे दोरीसर दिवसाला चार वाक्यं बोलत, त्यातलं एक गेल्या आठवड्यात तिच्या वाट्याला आलं होतं. ‘शेवटच्या वर्षाला हाच विषय घे,’ ते भिंग पुसता पुसता म्हणाले, ‘तुझा हात सरळ आहे.’

सरळ आहे! तिला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. सर बिचारे हात थरथरत नाही एवढंच म्हणत होते, आणि ही मात्र कपाटातल्या फायली उगाच वरखाली करत, त्यांच्याकडे पाठ करून, कानांची धग जायची वाट बघत उभी राहिली.

शेवटच्या वर्षाला एकच शाखा घ्यायची असते आणि तिचा अर्ज आज पाचपर्यंत द्यायचा होता. तो सगळा त्या दहाव्या फोटोवर उभा होता. व्यक्तिचित्रणाच्या, म्हणजे माणसांच्या फोटोंच्या, शाखेला जागा सहा, इच्छुक अर्धा वर्ग. त्या शाखेच्या मॅडम म्हणजे बोलायला लागल्या की खिडकीवरची कबुतरंही उडून जातील अशा. त्यांनी तो फोटो हातात धरला आणि आवाज एकदम खाली आणला. मग म्हणाल्या, ‘ही बाई कोणाकडेच बघत नाहीये. ही स्वतःच्या आत बघतेय. समोर कॅमेरा आहे हे विसरूनच गेलीये. असा क्षण मागितल्याने मिळत नाही.’ मागितल्याने मिळत नाही... तिने तरी कुठे मागितला होता. ‘तुझी जागा धर तू,’ मॅडम म्हणाल्या, ‘फक्त अर्जाला फोटो जोड, आणि फोटोतल्या बाईंचं संमतीपत्र. मूळ प्रत हं. ते नसेल तर मी काही करू शकत नाही.’

संमतीपत्र बॅगेत होतं. नसतं तर किती बरं झालं असतं. नसतं तर फोटो चोरून काढला, चुकलं, असं म्हणून मोकळं होता आलं असतं. पण सहीसकट संमतीपत्र होतं आणि ते तिने मिळवलं होतं, आणि कसं मिळवलं होतं ते ती दोन महिने रोज नव्याने आठवत होती, दर वेळी स्वतःला थोडी सूट देऊन बघत होती, आणि दर वेळी तिथेच येऊन पोचत होती.

त्या दिवशी काकू आल्या तेव्हा सर वरच्या मजल्यावर गेले होते. इस्पितळाचे दोन कागद असतात – एक रुग्णाच्या नोंदीसाठी, एक डॉक्टरकीच्या विद्यार्थ्यांना शिकवताना फोटो दाखवायला – आणि दोन्ही मोठ्याने वाचून दाखवायचे असा नियम आहे. तिने वाचून दाखवले. काकूंनी चष्म्यातून तिच्याकडे बघत ऐकलं आणि दोन्हींवर सह्या केल्या. मग ती म्हणाली, ‘चष्मा काढता का? चमकतो, आणि भुवयाही झाकतो.’ हाही नियमच. काकूंनी चष्मा काढून तिच्या हातात दिला, तिने तो ट्रेमध्ये ठेवला, वळून बघितलं – आणि तो चेहरा. नाकावर चष्म्याचे दोन लालसर खळगे, उजवी बाजू जागी, विचारी, थोडी मिश्कील. डावी बाजू घरातले सगळे बाहेर गेल्यावर घर दिसतं तशी. हवा होता मला तो चेहरा. दुसरा शब्द नाही त्याला. भूक लागावी तसा हवा होता, आणि खिडकीतून येणारा तो उजेड आणखी पाच मिनिटं टिकला तर टिकला असता. संस्थेची कोरी संमतीपत्रं फायलीत होतीच. विचारायला हवं होतं. विचारणार होते. पण विचारलं की माणूस नाही म्हणू शकतो, आणि चेहऱ्याची ही अशी अवस्था असताना कोण हो म्हणेल – हे सगळं एका क्षणात मनात येऊन गेलं, आणि मग तिने स्वतःचा आवाज ऐकला, अगदी कामातला, इस्पितळातला आवाज: ‘काकू, आणखी एक सही राहिलीच.’

चष्मा ट्रेमध्ये होता. कागदाच्या वरच्या कोपऱ्यात संस्थेचं नाव होतं आणि त्यावर तिचा अंगठा होता. तो तिथे कसा गेला याचा तिने नंतर पुष्कळ विचार केला. कागद धरायला अंगठा कुठेतरी ठेवावाच लागतो इथपासून सुरुवात केली, पण फार वेळ टिकता आलं नाही.

काकूंनी तिच्या हातातून कागद घेतला आणि अगदी नाकाजवळ धरला. बिचाऱ्या, तिला वाटलं, चाचपडतायत. ‘इथे?’ त्यांनी विचारलं, तिने बोट ठेवलं, त्यांनी सही केली. कॅमेरा अजून तिपाईवर चढवलेला नव्हता, तिच्या हातातच होता. काकूंनी पेन परत केलं आणि मान वर केली – ठिपक्याकडे बघा असं अजून कोणी सांगितलं नव्हतं – आणि दोरीच्या गाठीच्या कितीतरी अलीकडून, हाताच्या अंतरावरून तिने कळ दाबली. दहावा म्हणते खरं, पण काढला सगळ्यात आधी.

काल संध्याकाळी तिने अर्ज आणि फोटो बाबांच्या दुकानात नेले होते. बाबांचं चष्म्याचं दुकान आहे. तिचं सगळं लहानपण त्या काचेच्या कपाटांच्या आड अभ्यास करण्यात गेलं, आणि अभ्यासापेक्षा जास्त बाबांबरोबर तो खेळ खेळण्यात: दुकानासमोरून चष्मेवाला माणूस गेला की बाबा विचारायचे, ‘उणे का अधिक?’ – लांबचा नंबर का जवळचा – आणि ती सात वर्षांची असतानाही दहातले नऊ बरोबर सांगायची. लांबच्या नंबराच्या काचेतून गालाची कड आत सरकलेली दिसते, जवळच्या नंबराच्या काचेमागे डोळे मोठे होतात, बस. गिऱ्हाइकं हसायची, बाबांची छाती फुगायची. काल बाबांनी दिव्याखाली फोटो धरला, खूप वेळ बघितला, आणि मॅडमना सुचलं नव्हतं ते नेमकं बोलले. ‘चष्मेवाल्या आहेत. खळगे बघ नाकावर. नंबर काय होता?’

‘बघितला नाही.’

‘तू बघितला नाहीस?’ बाबांना खरोखरच नवल वाटलं.

आणि आई, घरून डबा घेऊन आलेली, खांद्यावरून वाकून बघत म्हणाली, ‘छान आलाय हो. त्यांना दिलास का एक? त्यांना किती बरं वाटेल.’ ‘देणार आहे,’ ती म्हणाली. आईला तेवढं पुरलं. आईला नेहमी तेवढंच पुरतं, तिच्याशी खोटं बोलायला काही कसबच लागत नाही, आणि म्हणूनच ते अंगाला चिकटून राहतं.

आज न येण्याचा विचार तिने केला होता. पोटात दुखतंय म्हणावं... सरांना सांगून बघितलं, आजचे अकराचे फोटो तुम्ही काढाल का, मला संस्थेत अर्ज द्यायचाय. सर म्हणाले, ‘पहिला संच ज्याने काढला त्यानेच दुसरा काढायचा. हात बदलला की फोटो बदलतो.’ तेव्हा ती मुकाट्याने दिवे लावून, तिपाई रोवून, ठिपका दाबत बसली. मनात एकच हिशेब: अर्धा तास. अर्ध्या तासात नऊ फोटो, काकू उठतील, जातील, पुन्हा कधी भेटणार नाहीत. कागद कायद्याने पक्का आहे. आणि फोटो खरंच चांगला आहे. चांगल्या फोटोपुढे बाकीचं कोण विचारतं. असं ती स्वतःला समजावत होती आणि हाताचे तळवे पुन्हा पुन्हा पँटला पुसत होती.

काकू दारात आल्या त्या हसतच. चेहरा जवळपास सरळ झाला होता. डाव्या ओठाच्या कडेला किंचित आळस उरला होता, तोही शोधला तर.

‘ओळखलंस का? मागच्या खेपेला अर्धीच आले होते.’

ती हसली. हसणं आपोआप आलं, आणि मग ते चेहऱ्यावर तसंच विसरलं गेलं. तिने खुर्ची दाखवली, इस्पितळाचा दुसऱ्या संचाचा कागद पुढे केला आणि नियमाप्रमाणे वाचायला सुरुवात केली. ‘दे, वाचते मी,’ काकू म्हणाल्या. त्यांनी कागद घेतला, चष्मा कपाळावर सरकवला, कागद नाकाजवळ आणला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागल्या. डोळे डावीकडून उजवीकडे, खालच्या ओळीवर, पुन्हा डावीकडून – एका लयीत, न थांबता, अगदी तळाच्या बारीक अक्षरांतल्या छापखान्याच्या पत्त्यापर्यंत.

खोलीत दिव्यांचा गुणगुण आवाज होता तो तिला एकाएकी फार मोठा वाटायला लागला. कपाळावरच्या चष्म्याच्या काचा तिच्या समोर होत्या. कडेला जाड, मध्ये पातळ. उणे. उणे चार, फार तर सव्वाचार. रस्त्याच्या पलीकडून ओळखला असता तिने, सात वर्षांची असताना. लांबचा चष्मा होता तो. वाचायला त्याची गरजच नव्हती, उलट अडचण होती. दोन महिन्यांपूर्वी तिने काकूंना आंधळं करायला म्हणून चष्मा काढायला लावला नव्हता, तो नियमच होता – पण तो काढलेला असताना तिने तिसरा कागद पुढे केला होता, आणि तो चष्मा तिने स्वतःच्या हातांनी ट्रेमध्ये ठेवला होता, काचांना बोटं लागू न देता, बाबांनी शिकवलं तसा दांड्यांना धरून. आणि बघितला नव्हता. बघायचा नव्हता म्हणून.

‘काकू, तुम्ही वाचताना...’

‘काढते, हो. छापखान्यात तीस वर्षं मुद्रितं तपासली मी. सगळे हसायचे – बाई वाचायला चष्मा काढतात आणि चहा प्यायला घालतात.’ त्यांनी सही केली, पेनाला टोपण लावलं. ‘आज एकच? मागच्या वेळी तीन होते.’

आवाजात काही नव्हतं. टोचणी नाही, थट्टा नाही. मागच्या वेळी तीन होते, एवढंच. तिपाई धरून ती उभी राहिली आणि सारवासारवीची चार-पाच वाक्यं तिच्या जिभेशी येऊन आपसांत धडकली.

‘तिसरा...’ ती म्हणाली.

‘वाचला होता मी.’

‘सगळा?’

‘अक्षर समोर आलं की वाचलं जातं गं. खोडच आहे. प्रदर्शन, पुस्तक, जाहिरात, इतर कोणत्याही माध्यमात... लांबलचक होता. तारखेची जागा रिकामी सोडली होतीस, ती मी भरली.’

तिने ते बघितलंही नव्हतं. बॅग उघडून कागद बाहेर काढला तर सहीखाली तारीख होती, ठसठशीत, सहीपेक्षाही नीट लिहिलेली. दोन महिने हा कागद ती बाळगत होती, रोज बघत होती, आणि सहीच्या वर किंवा खाली तिची नजर कधी गेलीच नव्हती.

‘मग सही का केलीत?’ हे विचारताना आवाज इतका खाली गेला की काकू पुढे वाकल्या.

‘तुझा चेहरा बघितलास का तेव्हा तू? पांढरा पडला होता. म्हटलं, आता हिला पकडलं तर ही रडायला लागणार, आणि मग मलाच हिची समजूत काढावी लागणार. अर्ध्या तोंडाने समजूत नाही काढता येत.’ त्या जराशा हसल्या. ‘शिवाय मला वाटलं, सांगशील. त्या दिवशी नाही तर दोन दिवसांनी. फोन नंबर होता माझा त्या कागदावर.’

होता. तिच्याच समोर होता. दोन महिने होता.

लाज म्हणजे काय ते तिला माहीत होतं असं तिला आजवर वाटत होतं. वर्गात उत्तर चुकलं, खोटं उघडं पडलं, आईने चारचौघांत काहीतरी विचारलं... त्या सगळ्यात एक पळवाट असायची, त्या माणसावर चिडता यायचं. इथे चिडायला जागाच नव्हती. समोरची बाई रागावलेली नव्हती. समोरच्या बाईने तिला सांभाळून घेतलं होतं, स्वतःचं तोंड वाकडं झालेलं असताना, न मिटणाऱ्या डोळ्यातून आपसूक पाणी गळत असताना, आणि ही तिला बिचारी म्हणत होती.

‘मी फाडते तो. आत्ता. तुमच्यासमोर.’

‘फाडून काय होणार? तुला मोकळं वाटेल. मला काय त्याचं?’ आणि मग, तिच्या हातातल्या कागदाकडे न बघता: ‘फोटो बघू तरी.’

तिने तो पाकिटातून काढून दिला. काकूंनी पुन्हा चष्मा वर सरकवला आणि फोटो वाचला. दुसरा शब्द नाही, तो त्यांनी वाचलाच, वरून खाली, डावीकडून उजवीकडे. उजव्या हाताचं बोट डाव्या गालावर गेलं, ते आहे ना जागेवर असं बघितल्यासारखं, आणि परत खाली आलं.

‘चांगला काढलायस,’ त्या म्हणाल्या. ‘इथे मी तुझ्याकडे बघतेय. हे इतकं दिसेल असं नव्हतं वाटलं मला.’

तिने त्यांच्या खांद्यावरून वाकून बघितलं. हजारदा बघितलेला फोटो. ही बाई स्वतःच्या आत बघतेय... कुठली आत! उजवा डोळा थेट, अगदी नेमका, हाताच्या अंतरावर उभ्या असलेल्या एका मुलीवर ठेवलेला होता, जिने नुकताच अंगठ्याखाली एक नाव झाकलं होतं. त्या नजरेत जे होतं त्याला मॅडमनी एकांत म्हटलं होतं आणि तिने स्वतः अर्जात ‘आत्ममग्नता’ असं लिहिलं होतं, दोन वेळा. ते तसलं काही नव्हतं. मोठ्या माणसाला लहान मूल खोटं बोलताना दिसतं आणि ते माणूस काही न बोलायचं ठरवतं, ते होतं. इतकं उघड होतं की आता दुसरं काही दिसेचना. चेहरा त्यांचा होता, पण फोटोत पकडली गेली होती ती मी. आणि तो फोटो मी सगळ्यांना दाखवत सुटले होते.

‘तुम्ही सांगा,’ ती म्हणाली. ‘देऊ का हा अर्जाबरोबर? तुम्ही म्हणाल तसं. खरंच तुम्ही म्हणाल तसं.’

काकूंनी फोटो तिच्या हातात परत दिला, आणि पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात थोडा थकवा आला.

‘ते तेव्हा विचारायचं होतंस. विचारलं असतंस तर मी काय म्हटलं असतं, तेच मला आता कळत नाही बघ. घरी जाऊन विचार केला मी त्याचा, दोन-तीन दिवस केला. हो म्हटलं असतं कदाचित. कदाचित चार शब्द सुनावले असते. आता नुसती सही आहे. सही माझीच आहे, ती काही मी नाकारणार नाही.’ मग त्यांनी खुर्चीत पाठ ताठ केली, चष्मा काढला आणि स्वतःच ट्रेमध्ये ठेवला. ‘चल, काढ. मला साडेबाराची बस आहे.’

नऊ फोटो. दोरीची गाठ काकूंच्या नाकाला टेकवताना तिने श्वास रोखून धरला. भुवया उचला. डोळे हलके मिटा. घट्ट मिटा – डावी पापणी मिटली, पूर्ण, एक रेघही उघडी नाही. नाक आक्रसा. ओठ मिटून हसा. दात दाखवून. गाल. चंबू. काकू सगळं नीट करत होत्या, आणि सगळा वेळ ठिपक्याकडे बघत होत्या, सांगितलं होतं तसं, न चुकता. एकदाही तिच्याकडे बघितलं नाही. आणि सकाळपासून, किंबहुना दोन महिन्यांपासून, ह्या बाईने आपल्याकडे बघू नये म्हणून जिचा जीव टांगणीला लागला होता तीच, कॅमेऱ्याच्या मागे, सातव्या फोटोपाशी आली तेव्हा मनात म्हणत होती की एकदा बघा. रागाने बघा. चार शब्द सुनवा. पण हात सरळ राहिला, फोटो नऊच्या नऊ स्वच्छ आले, काकू चष्मा घालून निघाल्या, आणि दारातून म्हणाल्या ते इतकंच, की ह्या खुर्चीचा एक पाय लुळा आहे, कोणीतरी पडेल.

पावणेपाचला ती संस्थेच्या कार्यालयाच्या खिडकीपुढे रांगेत उभी होती. पुढे सात-आठ जण. वर्तमानपत्रात काम शिकलेला तिचा वर्गमित्र मागून म्हणाला, ‘तुझं काय, तुझं तर ठरलेलंच आहे.’ ती काहीतरी म्हणाली, त्याला पटेल असं. अर्ज हातात होता, पहिल्या पसंतीची चौकट कोरी होती. दुपारी तिने तीत लिहिलेलं खोडून अर्ज नवा घेतला होता, मग तोच मजकूर नव्यावर उतरवला होता, चौकट सोडून. व्यक्तिचित्रण लिहिलं तर तो फोटो आणि तो कागद. इस्पितळाचा विषय लिहिला तर सर खूश, आणि सरांना वाटत राहील हात सरळ म्हणून आली – ते आणखी एक खोटं, फक्त जास्त शांत ठिकाणी केलेलं. मॅडमना जाऊन सगळं सांगावं? सांगेनही. पण काय सांगू? चोरी केली म्हणावं तर सही वाचून केलेली आहे. संमती आहे म्हणावं तर... ती आहे का?

रांग पुढे सरकली. काकूंचा फोन नंबर कागदावर होता, आत्ताही लावता आला असता, आणि त्यांनी उचलला असता, आणि कदाचित हो सुद्धा म्हटलं असतं, त्या भल्या बाई आहेत. पण तो होकार आजचा असता. सगळं उघडं पडल्यावरचा, तिची दया येऊन दिलेला. तिला हवा होता तो त्या सकाळचा, खिडकीत उजेड असतानाचा – आणि त्या सकाळी काकू काय म्हणाल्या असत्या ते आता जगात कोणालाच माहीत नव्हतं. काकूंनाही नव्हतं. होकार असो की नकार, जे काही होतं ते तिने विचारलं नाही म्हणून कधी झालंच नाही. पकडलं जाण्याची भीती पार गेली होती, तिच्या जागी काही हलकं येईल असं तिला बसमध्ये वाटलं होतं, तसं काही आलं नाही. लाजच होती, पण आता ती लपवायची नव्हती, नुसती वागवायची होती, आणि ती कोणी काढून घेऊ नये असं तिला वाटायला लागलं होतं, मॅडमनी नाही, बाबांनी नाही, आईने तर नाहीच.

‘पुढे या,’ खिडकीतला कारकून म्हणाला. ‘पहिली पसंती रिकामी आहे.’

‘हो,’ ती म्हणाली. ‘भरते.’ त्याने खिडकीतून पेन पुढे केलं, तिने ते घेतलं, आणि काय लिहायचं ते अजून ठरलेलं नसताना तिच्या लक्षात आलं की आपण मान वर करून त्या माणसाकडे सरळ बघतो आहोत, आणि त्याने आपल्याकडे बघितलं तरी नजर खाली जात नाहीये.